नाना आहेरांचा घरगुती सर्व्हर

नाना आहेर कुठलंही जुनं यंत्र घेण्याआधी त्याचा वास घ्यायचे. थट्टा नाही, खरोखर. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात ते चष्मा कपाळावर सरकवायचे, गुडघे टेकून बसायचे, यंत्राच्या मागच्या जाळीला नाक लावायचे आणि डोळे मिटून लांब श्वास ओढायचे. बाजारात एखादी बाई खरबूज हुंगून घेते ना, अगदी तसं. मग निकाल लागायचा. "जळालंय. नको." किंवा, "नुसती धूळ हाय. बांधा!" मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसले. भंगारवाले शकूरभाई मात्र गंभीर होते. "हसू नका मॅडम. नाना की नाक मीटर है, मीटर!"

नाना आमचे समोरचे शेजारी. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारात आम्ही, दुसऱ्यात नाना आणि माई. नाना मूळचे बागलाणातले, सटाण्याच्या पलीकडच्या गावचे. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं विजेची कामं केली. मग कारखान्याने त्यांचा अख्खा विभागच बंद केला आणि सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. नाना म्हणायचे, "स्वेच्छा कुणाची, एवढंच लिहायचं राहिलं बघा त्या कागदावर."

घरी बसलेल्या माणसाने काय करावं? कुणी भिशी चालवतं, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन लोकांचा जीव खातं. नानांनी रॅक सर्व्हर आणले.

आता रॅक सर्व्हर म्हणजे काय, हे तेव्हा बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, तर तुम्हालाही सांगायला हवं. तो असतो कॉम्प्युटरच, पण उभा नाही, आडवा. लांबलचक, चपटा लोखंडी डबा. मोठ्या कंपन्यांत असे डबे उंच कपाटात एकावर एक सरकवलेले असतात आणि कंपनीभरचे कॉम्प्युटर त्यांच्या जिवावर चालतात. दिवसरात्र चालायचं, बंद पडायचं नाही, ही त्यांची नोकरी. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी नवे सर्व्हर घ्यायच्या आणि जुने चांगले धडधाकट डबे भंगारात वजनावर घालायच्या. नानांना ते बघवेना. "कंपनीनं टाकला म्हणजे मेला असं नाय, ताई," ते मला म्हणाले. "कंपनी माणसं बी टाकते."

पहिला सर्व्हर रिक्षातून आला, तो नानांनी आणि रिक्षावाल्याने दोन बाजूंनी धरून तीन जिने वर चढवला. दुपारची वेळ. नानांनी तो मागच्या बंदिस्त बाल्कनीत ठेवला आणि बटण दाबलं. देवा रे! विमान उडायच्या आधी जसं किंचाळतं तसा आवाज सुरू झाला. मी हातातली परीक्षेची उत्तरपत्रिका टाकून धावले. खालच्या मजल्यावरचे वैद्य, आमचे सेक्रेटरी, त्यांना वाटलं पाण्याची मोटर जळतेय. त्यांनी पळत जाऊन मोटर बंद केली, आवाज थांबेना, म्हणून बिल्डिंगचा मेन स्विचच पाडला. तेव्हा कुठे शांतता झाली. वैद्य घाम पुसत वर आले आणि म्हणाले, "मोटर वाचवली मी. कुणी काय लावलं होतं?" नाना दारात हसत उभे. "मोटर न्हवती हो ती. पाहुणा आलाय आमच्याकडं. जरा मोठ्यानं बोलतो."

मग नानांनी मला त्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत काडेपेटीएवढे आठ पंखे एका रांगेत, किंचाळत होते ते हेच. "कंपनीत ह्याला थंड खोलीत कोंडतात. तिथं कोण ऐकतंय? म्हणून हा बोंबलायचाच शिकला," नाना म्हणाले. "कंपनीत वाढलेलं जनावर हाय. घरात राहायचं वळण नाय त्याला. लावू आपण."

आणि ते वळण लावणं मी पुढची दोन वर्षं बघितलं. त्याच जातीचे आणखी तीन मेलेले सर्व्हर नानांनी हुंगून आणले आणि चौघांतलं चांगलं तेवढं एकात बसवलं. एकाचा प्रोसेसर, दुसऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबा, तिसऱ्याच्या मेमरीच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा ते शाळेतल्या खोडरबरने घासायचे आणि माईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसायचे. पट्टी बसवली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. तीन दिवस मशीन नुसतं तपासणीला लावून ठेवायचं. माई विचारायच्या, "अजून किती दिवस हे?" नानांचं उत्तर ठरलेलं, "नवी सून हाय ती. जुनीशी नांदते का बघू दे. आज गोड बोलेल, परवा भांडेल, तेव्हा काय करशील?" एकदा खरंच एक पट्टी तिसऱ्या दिवशी भांडली. नानांनी ती काढली, तिच्यावर मार्करने "नांदत नाही" असं लिहिलं आणि डब्यात टाकली. फेकली मात्र नाही. नानांच्या घरात फेकत काहीच नसत, ही माईंची जन्माची तक्रार.

आवाजावर इलाज काय केला? झाकणच कापलं. सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्या लोखंडी झाकणाला दोन गोल भोकं पाडून आणली, त्यावर जाळी बसवली आणि बशीएवढे दोन मोठे, संथ पंखे लावले. तर मशीन चालूच होईना! आतले आपले पंखे फिरत नाहीत म्हणजे मी आता तापून मरणार, असं त्या मशीनला वाटायचं आणि ते हटून बसायचं. मग नानांनी सुपारीएवढं एक सर्किट बनवलं, ते मशीनला सारखं सांगायचं की पंखे जोरात फिरतायत, काळजी नको. मशीन बिचारं पटलं. आवाज इतका कमी झाला की माई बाल्कनीत बसून दुपारी भाजी निवडायला लागल्या. आता गरम वारा मागून न येता वरून यायचा, मंद, उबदार. हे लक्षात ठेवा, कारण माझं नशीब त्या उबेतच अडकलं होतं.

आता माझं सांगते. मी कॉलेजात मराठी शिकवायची आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडीच्या भानगडीत पडले होते. विषय अहिराणी बायकांची गाणी. माझं सासर सटाण्याकडचं. सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, गाण्यांचं कोठारच होत्या. त्यांची आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांतल्या म्हाताऱ्यांची गाणी मी सात वर्षं टेपवर घेतली होती. साठ-सत्तर कॅसेट. त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या एव्हाना गेल्या होत्या. आत्याबाईसुद्धा गेल्या होत्या. आणि माझ्या कपाटात कॅसेटना बुरशी धरायला लागली होती.

मी हे नानांना सांगितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो, आमच्या गावच्या बाया हायेत त्या! आणा सगळ्या इकडं. आजच्या आज." मग तीन महिने रोज संध्याकाळी आम्ही एकेक कॅसेट सर्व्हरवर उतरवत होतो. नाना टेपरेकॉर्डरचं डोकं स्पिरिटने पुसायचे, कॅसेट लावायचे आणि बोट ओठांवर ठेवून बसायचे. गाणं चालू असताना बोलायचं नाही, खोकायचं नाही, हा त्यांचा दंडक. खरं तर आवाज वायरीतून जात होता, आमच्या खोकण्याने काहीच बिघडलं नसतं. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "त्ये म्हाईत हाय मला. पण म्हातारी गातेय ना समोर!"

बुरशी धरलेल्या कॅसेट बऱ्याचशा ती एक वेळ वाजल्या आणि तुटल्या. आत्याबाईंच्या तर सगळ्याच गेल्या. त्यामुळे गाणी आता फक्त नानांच्या सर्व्हरवर होती. "घाबरू नका," नाना म्हणाले. "दोन डिस्क हायेत आत. जे हिच्यावर लिहितो तेच तिच्यावर लिहितो, एकदमच. एक गेली तर दुसरी हाय." मी निर्धास्त झाले. रोज समोरच्या घरात जायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि गाणी कागदावर उतरवायची, असं माझं काम सुरू झालं. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता आणि अजून निम्मी गाणी कागदावर यायची होती.

मध्ये आला डिसेंबर. नाशिकची थंडी! हात गारठतात, खोबरेल दगड होतं आणि इडलीचं पीठ काही केल्या फुगत नाही. माईंनी सगळ्यात आधी ओळखलं की सर्व्हरच्या वर, त्या दोन पंख्यांच्या मधल्या पट्टीवर, दही झकास लागतं. नानांनी भिंतीवर कागद चिकटवला, "यावर काहीही ठेवू नये. आहेर." माई त्या कागदाखालीच दह्याचं भांडं ठेवायच्या. नाना ओरडायचे आणि जेवताना तेच दही वाटीभर मागून घ्यायचे, मग त्यांच्या ओरडण्याला कोण विचारतो? हळूहळू आम्हीही शिकलो. वैद्यांच्या सुनेने तर एकदा बाळाची झबली वाळत घातली होती.

त्या शनिवारी रात्री, नाना-माई आत जेवायला बसले असताना, मी माझा पिठाचा डबा नेऊन ठेवला. शेजारी माईंचाही होता, त्यांची मुलगी आणि जावई येणार होते. माझा डबा जरा जास्तच भरला होता. मनात आलंही होतं, थोडं काढून ठेवावं. पण कंटाळा केला.

रविवारी सकाळी सातला मी डबा आणायला गेले. नानांचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. नाना सोमेश्वरकडे फिरायला गेले होते, माई आंघोळीला. बाल्कनीत गेले आणि बघते तर काय! पीठ फुगून झाकण उचलून बाहेर आलं होतं, जाळीतून आत उतरलं होतं आणि पंख्याने ते सगळीकडे शिंपडलं होतं. मशीन बंद. भिंतीवरचं विजेचं बटण खाली पडलेलं. आंबूस, जळका वास. माईंचा डबाही माझ्या पिठाने बरबटला होता, पण तो तिथेच होता.

मी काय केलं असेल? माझा डबा उचलला, पदराखाली घेतला आणि घरी पळाले. पंचेचाळीस वर्षांची, कॉलेजात पोरांना कॉपी करताना पकडणारी बाई. दार लावून स्वयंपाकघरात नळाखाली डबा घासत बसले आणि रडत बसले. सात वर्षांचं काम मीच इडलीच्या पिठात बुडवलं होतं. आत्याबाईंचा आवाज बुडवला होता.

अर्ध्या तासाने समोरून माईंचा हंबरडा ऐकू आला. मी गेले. माई कपाळावर हात मारत होत्या. "माझाच डबा! माझ्यामुळे झालं! हिची गाणी गेली हो सगळी!" आणि मला मिठी मारून रडायला लागल्या. मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. पण शब्द फुटला नाही. नाना खाली बसून झाकणाचे स्क्रू काढत होते. वर न बघता माईंना म्हणाले, "तुनं काय चुकनं नही. झाकण मी कापलं. कंपनीचं झाकण असतं तर थेंब आत गेला नसता. गुन्हेगार मी हाय. रडू नको, फडकी दे."

पुढचे अकरा दिवस मी तो माणूस कामाला लागलेला पाहिला. आतला प्रत्येक भाग सुटा केला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रश घेऊन धुतला, मग स्पिरिटने. मग गच्चीवर मलमलीच्या फडक्यावर मांडून उन्हात वाळवला. एका बाजूला माईंची आवळासुपारी, दुसऱ्या बाजूला सर्व्हरच्या हिरव्या पाट्या, आणि मध्ये टोपी घालून खुर्चीवर नाना, हातात चिमण्या हाकायला काठी. वैद्य गच्चीवर येऊन म्हणाले, "काय आहेर, यंदा कसले सांडगे घातलेत?" नाना म्हणाले, "खाऊन बघा. लय खमंग हायेत."

डिस्कचं मात्र अवघड होतं. दोन्हींच्या खालच्या सर्किटवर पीठ जाऊन ती जळाली होती. डिस्क म्हणजे गाणी. बाकी सगळं पुन्हा मिळालं असतं. नाना म्हणाले, आतल्या तबकड्या बंद असतात, तिथवर पीठ जात नाही. गाणी तिथे आहेत. पण वाचायला अगदी तशाच, त्याच घाण्यातून निघालेल्या डिस्कचं सर्किट लागेल. मग आम्ही रोज भंगार बाजारात. मी कॉलेजला रजा टाकली. शकूरभाईंनी अख्खी पोती उलटी केली. नाना एकेक डिस्क उचलायचे, लेबलवरचे बारीक आकडे भिंगातून वाचायचे आणि खाली ठेवायचे.

"नाना, कोई दूसरी ले लो, सब एकही है," शकूरभाई कंटाळून म्हणाले.

"एक नाय, शकूरभाई. हिची बहीण पाहिजे. चुलत नाय, सख्खी."

दहाव्या दिवशी सख्खी बहीण सापडली. अकराव्या दिवशी सकाळी नानांनी तिचं सर्किट काढून आमच्या पहिल्या डिस्कला बसवलं. डिस्क टक टक टक असं वाजली आणि गप्प झाली. पुन्हा लावली. टक टक टक. नानांनी ती बाजूला ठेवली. आता एकच उरली होती. माई देवापुढे जाऊन बसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते की ही वाचली तर मी सगळं कबूल करीन. नानांनी तेच सर्किट काढून दुसऱ्या डिस्कला बसवलं, बटण दाबलं, आणि ती घुमायला लागली. नुसती घुमत होती, न अडखळता. नानांनी हेडफोन काढून टाकला आणि स्पीकर लावला.

"चालू शे का?" आत्याबाईंचा आवाज आला. प्रत्येक गाण्याआधी त्या मला हेच विचारायच्या. टेपवर त्यांचा विश्वासच नसायचा. मग घसा खाकरला आणि गाऊ लागल्या. माई पळत बाहेर आल्या. नाना स्पीकरकडे बघून म्हणाले, "चालू शे माय, चालू शे. म्हन तू."

कबूल केलं का मी? नाही केलं. त्या आनंदात तो विषय कुठे काढायचा, असं स्वतःलाच सांगितलं. मग संक्रांतीनंतर सांगू, प्रबंध दिल्यावर सांगू. मार्चमध्ये प्रबंध दिला, पुढे डॉक्टरेट मिळाली, माईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. आता तर तोंडच उरलं नव्हतं.

नानांनी मात्र त्या दिवसापासून आपली पद्धत बदलली. "दोन डिस्क एकाच डब्यात ठेवल्या, हा माझा मूर्खपणा. दोघी एकाच नावेत बसवल्या मी." गाण्यांची तिसरी प्रत निघाली आणि ती दर सोमवारी मी जेवणाच्या पिशवीतून कॉलेजात नेऊन माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवायची. पुढच्या सोमवारी ती परत आणायची, दुसरी न्यायची. पाच वर्षं हे चाललं. पीएचडी होऊन गेली तरी नाना रविवारी संध्याकाळी दार वाजवायचे, फडक्यात गुंडाळलेली डिस्क हातात द्यायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, आता झालं की माझं काम." तर म्हणाले, "तुमचं झालं. त्या बायांचं कुठं झालं?"

मग नानांचे गुडघे गेले. तीन जिने होईनात. मुलगी सोलापूरला होती, तिने हट्टाने दोघांना न्यायचं ठरवलं. सामान बांधायला मी मदतीला गेले. सर्व्हर मला द्यायचं ठरलं होतं. नाना त्याच्या वायरींना चिठ्ठ्या लावत होते, मी आणि माई स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. माईंच्या हातात तो पिठाचा डबा आला. तो बाजूला सारत त्या म्हणाल्या, "हा मी नेत नाही गं. पाच वर्षं झाली, पण ह्याच्याकडे बघवत नाही. माझ्यामुळे तुझी गाणी जाणार होती. अजून टोचतं बघ."

मला राहवलं नाही. मी तिथेच, भांड्यांच्या ढिगाऱ्यात, सगळं सांगून टाकलं. डबा माझा होता, पदराखाली घेऊन मी पळाले, तुम्ही रडत होतात आणि मी गप्प राहिले. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण नाना काठी टेकत दारात आले.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

"काय माहीत शे?" माई.

"पीठ ताईंचं होतं त्ये. पहिल्याच दिवशी कळलं. पंख्यात मेथ्या सापडल्या ना, अर्धवट वाटलेल्या. आपल्याकडं कुठं घालतो आपण मेथ्या पिठात?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण माई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या नानांकडे वळल्या होत्या. "पाच वर्षं! पाच वर्षं मी रडतेय, देवाला नवस बोलतेय, आणि तुम्हाला माहीत होतं? एका शब्दानं सांगितलं नाही?"

नाना काठीच्या मुठीशी चाळा करत म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडात राहिलं असतं का? ह्यांना कळलं असतं. मग ह्या शरमेनं परत आपल्या दारात आल्या असत्या का? गाणी अर्धी लिहायची राहिली होती. तू काय, माझी बायको. रडशील, चिडशील, पण जाशील कुठं? शेजारीण गेली तर गेली." आणि मग, खूप हळू, "तुझ्यावर अन्याय झाला. त्ये मला कळत होतं."

माईंनी हातातलं फडकं नानांना फेकून मारलं. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. तर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आणि मेथ्या जास्तच घालतेस हं तू. इडली कडू होते. हेही इतकी वर्षं बोलता आलं नाही." आम्ही तिघंही हसत होतो आणि तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

सोलापूरला गेल्यावर नाना दोन वर्षं होते. दर रविवारी फोन यायचा, पण गप्पा मारायला नाही. "डिस्क काढली का? उद्या सोमवार हाय." एवढंच विचारून ठेवून द्यायचे. मी हो म्हणायची आणि खरंच काढायची. एका रविवारी फोन आला नाही. मंगळवारी त्यांच्या मुलीने कळवलं.

मी भेटून आले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी माईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाल्या, "पोरी, एक विचारू? तुझ्या त्या सर्व्हरवर ह्यांचा आवाज कुठे आहे का गं? एखादा शब्द असला तरी चालेल."

मी म्हटलं, बघते. चार दिवस मी सगळं ऐकलं. प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणी थांबल्यावर उरलेली खरखरसुद्धा ऐकली. सात वर्षांत गायलेल्या सगळ्या बाया तिथे आहेत. त्यांचं खाकरणं, हसणं, मागे ओरडणारी कोंबडी, गोठ्यातली घंटा, माझे वेंधळे प्रश्न, सगळं आहे. नाना नाहीत. एवढ्या जणींचे आवाज राखले आणि स्वतःचा एकदाही ठेवायचं त्या माणसाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, ही माझी दुसरी चूक, आणि हिला कुठल्याही भंगार बाजारात सख्खी बहीण मिळायची नाही.

माईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे." मग म्हणाल्या, "तुला आठवतं का गं ते कसे बोलायचे?" मी म्हटलं, आठवतं माई, शब्दन् शब्द आठवतो. त्या म्हणाल्या, "मग लिहून पाठव. मी वाचून घेईन लेकीकडून... नाही, मीच वाचीन. मोठ्याने वाचीन."

म्हणून हे लिहिलं.